परवाना विचारणाऱ्या अंबुजाक्का

अंबुजाक्का कुठलाही कागद शेवटापासून वाचायच्या. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तळाचं छापखान्याचं नाव, मग जेवणाची वेळ, आणि नवरानवरीची नावं सगळ्यांत शेवटी. विजेचं बिल आलं की ते उलटं करून मागचा मजकूर वाचायचा, रक्कम नंतर. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुढच्या पानावर ते आपणांस हसून बोलवितात गे. खरं अस्कं मागे असतं, बारीक अक्षरांत."

अस्कं म्हणजे सगळं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याच तोंडून.

मी मिरजेची. बँकेत अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि बढतीच्या शेपटाला तंजावरची बदली आली. राजवीथीच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब वरचा मजला भाड्याने देतं असं शाखेत कळलं, म्हणून एका शनिवारी दुपारी पत्ता शोधत गेले. घरापुढे रस्त्याला लागून ओटा होता. तिकडे त्याला तिन्नै म्हणतात. तिन्नैवर दोन तगडे पुरुष अवघडून बसले होते आणि दोघांच्या हातांत वाफाळती कॉफी होती. समोर पासष्टीच्या आसपासची, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई मांडीवर वही घेऊन लिहीत होती.

"तुमचं नाव झालं. वडिलांचं नाव? बरं. कंपनीचं ओळखपत्र? नाही? मग 'नाही' असं लिहिते. साखर पुरेशी आहे ना?"

हे सगळं तमिळमध्ये चाललं होतं. मला तेव्हा तमिळ येत नव्हतं. काय घडत होतं ते मला पुढे कळलं. ते दोघे कुठल्याशा कर्जकंपनीचे वसुलीवाले होते आणि पलीकडच्या घरातल्या बाईच्या नावाने गल्लीत आरडाओरडा करत होते. अक्कांनी त्यांना आदराने बोलावून बसवलं होतं. कॉफी अर्धी टाकून ते निघून गेले. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू कोण? तूही कंपनीची काय?"

"मी बँकेची," मी मराठीत म्हणाले. "खोलीसाठी आले होते."

"होका? ओळखपत्र दाखव."

मी पर्समधून काढून दाखवलं. त्यांनी ते आधी मागून वाचलं, मग पुढून.

"आज तिघं आली, त्यांत तू एकटीच ओळखपत्रवाली निघालीस. खोली तुज दिली."

त्या खोलीत मी चार वर्षं राहिले.

अक्कांचं सगळं आयुष्य महसूल खात्यात गेलं होतं. कनिष्ठ लिपिक म्हणून लागल्या आणि उपतहसीलदार म्हणून निवृत्त झाल्या. त्यातली बरीच वर्षं त्यांच्याकडे सावकारांच्या आणि गहाणवाल्यांच्या परवान्यांचं टेबल होतं. ते टेबल कुणाला नको असायचं. एका बाजूला पैसेवाले, दुसऱ्या बाजूला रडणारे, आणि मध्ये लिपिक. अक्कांनी ते मागून घेतलं. "तेथे कायदा वाचावयास वेळ मिळतो," असं त्या सांगत.

त्या काळातली एक गोष्ट त्यांचे यजमान रंगनाथराव फार रंगवून सांगायचे. राव वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, अबोल. घरातली कॉफी तेच करायचे आणि ती इतकी सुरेख करायचे की वसुलीवालेसुद्धा दुसऱ्यांदा येताना जरा मऊ होऊन यायचे, असं मला वाटे. पण ही गोष्ट सांगताना त्यांची जीभ सुटायची. परवानाधारक गहाणवाल्याने परवाना आणि व्याजाचा दर गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर लावावा, असा नियम. एका दुकानात अक्का तपासणीला गेल्या तर भिंतीवर फक्त व्यंकटेशाचं भलंमोठं कॅलेंडर.

"दरफलक कुठे आहे?"

"आहे अम्मा, आहे."

अक्कांनी चपला काढल्या, कॅलेंडरापुढे हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि मग दोन बोटांनी देव अलगद बाजूला सारला. मागे फलक होता. त्यावर लिहिलेला दर कायद्याप्रमाणे होता आणि घेतला जाणारा दर त्याच्या तिप्पट. दुकानदार घामाघूम झाला. अक्का त्याला म्हणाल्या, "देवाला पुढे करू नका. त्यांच्या नावाने परवाना नाही."

निवृत्त झाल्यावर लोकांनी टेबल सोडलं, अक्कांना सोडलं नाही. आधी गल्लीतल्या बायका आल्या, मग फुलबाजारातल्या, मग कालव्यापलीकडच्या खेड्यांतल्या. सकाळी आठ ते दहा अक्का तिन्नैवर. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज घेतात, तिथे रांगेत अक्का छत्री घेऊन हजर. अर्जाचे पैसे त्या घेत नसत. येणारीला पहिला प्रश्न ठरलेला: "जेवलीस का?" किती घेतले, कशाला घेतले, हे पहिल्या दिवशी विचारायचंच नाही. "कशाला घेतले हे विचारलं की ती लाजते," त्या म्हणत. "लाजली की खोटं सांगते. मग माझा अर्ज चुकतो."

माझं मराठी त्यांना घाईचं वाटायचं आणि त्यांचं मला जुन्या कागदावरचं. मला, तुला यांऐवजी मज, तुज, कुठेऐवजी कोठे, आणि सुरात तमिळ हेलकावा. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी त्यांच्या कानात आणि जिभेवर होती, हातात नव्हती. पण तमिळ अक्षर असं की कलेक्टर कचेरीतले कारकून अर्जावरची सही न बघता म्हणायचे, अंबुजाम्मांचा आहे.

एकदा मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर वसंता नावाच्या बाईकडे गेले होते. वसंता बायकांच्या बचतगटातून कर्ज घेणारी, दर आठवड्याला हप्ता. नवरा बांधकामावरून पडला आणि दोन हप्ते चुकले. तिसऱ्या आठवड्यात, गटाला पैसे देणाऱ्या कर्जकंपनीचा माणूस सकाळी येऊन दाराच्या उंबऱ्याशी जो बसला तो हलेना. पैसे मिळेपर्यंत उठणार नाही. शेजारीपाजारी बघताहेत, वसंता आत तोंड लपवून.

अक्का गेल्या आणि काही न बोलता त्याच्या शेजारी बसल्या. त्याने चमकून पाहिलं.

"तुम्ही कोण अम्मा?"

"मीही बसायला आलेय. तू उठलास की मी उठेन."

बराच वेळ दोघं तशीच बसली. मी आपली कडेला उभी. माणूस तिशी ओलांडलेला, जाड मिशी, शर्टाची कॉलर झिजलेली. मुरुगेसन नाव. शेवटी अक्कांनी विचारलं, "जेवलास का?"

त्याने मान हलवली. नाही.

"का?"

आणि त्या एवढ्या मोठ्या मिशीवाल्या माणसाचे डोळे भरून आले. हप्ता घेतल्याशिवाय कचेरीत पाऊल ठेवायचं नाही असा त्याला वरून हुकूम होता. त्याचा स्वतःचा दोन महिन्यांचा पगार वसुली कमी झाली म्हणून अडवलेला. पापनाशमला घरी म्हातारी आई, आणि खर्चासाठी त्याने दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढलेलं.

"म्हणजे तुझ्या उंबऱ्यावर दुसरा कुणीतरी बसलेला असणार," अक्का म्हणाल्या. "ऊठ. वसंता, ह्याला भात वाढ. मग तुझं कर्जाचं कार्ड आण."

कार्डाच्या मागे अगदी तळाशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता होता. अक्कांनी वसंताच्या वतीने अर्ज लिहिला: घरात अपघात, हप्ते पुढे ढकलावेत, आणि दारात माणूस बसवणं नियमात कुठे बसतं ते कळवावं. तो संपल्यावर वहीचं दुसरं पान उलटलं आणि मुरुगेसनच्या अडलेल्या पगारासाठी कामगार अधिकाऱ्याकडे दुसरा अर्ज लिहिला. दोन्ही अर्ज एकाच टपालाने गेले. वसंताचे हप्ते लहान झाले. मुरुगेसनला पगार मिळाला आणि त्याने ती नोकरी सोडून भाताच्या गिरणीत काम धरलं. मी होते तोवर दर पोंगलला तो सायकलच्या मागे ऊस बांधून यायचा. अक्का त्याला तिन्नैवर बसवून विचारायच्या, "आता कुणाच्या दारात बसतोस?" आणि तो लाजून हसायचा.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, पण एक प्रकरण असं झालं की अक्का दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

फुलबाजारात चेल्लय्या नावाचा एक सावकार होता. पांढरा शर्ट, बुलेट, आणि परवाना नाही. पहाटे फुलवाल्या बायकांच्या हातात तो नऊशे रुपये ठेवायचा आणि संध्याकाळी हजार परत घ्यायचा. बायका त्या पैशांतून मोगरा आणि कनकांबर, म्हणजे आपली अबोली, घ्यायच्या, दिवसभर माळा विकायच्या, हजार त्याला देऊन उरेल ते घरी. सेल्वी नावाची फुलवाली दहा दिवस तापाने पडली. व्याजावर व्याज चढलं. चेल्लय्याने तिचं एटीएम कार्ड आधीच ठेवून घेतलेलं होतं. बरी होऊन ती बाजारात आली त्या सकाळी त्याने सगळ्यांसमोर तिची टोपली लाथेने उडवली आणि तिच्या मुलीविषयी असं काही बोलला की मला सांगताना सेल्वीने ते शब्द गाळले.

अक्कांनी त्याच दिवशी तक्रार लिहिली. अवाच्या सवा व्याजाविरुद्ध तमिळनाडूचा कायदा आहे, आणि अक्कांचं त्या कायद्यावर विशेष प्रेम होतं. "सरकारने अस्की नावं लिहिली आहेत गे," त्या मला कौतुकाने सांगायच्या. "रोजवट्टी, तासवट्टी, मीटरवट्टी. ज्याने लिहिलं तो कधीतरी बाजारात उभा राहिला असेल." वट्टी म्हणजे व्याज. पोलिसांनी चेल्लय्याला उचललं, सेल्वीचं कार्ड परत मिळालं. बायकांनी अक्कांसाठी हा एवढा हार पाठवला. अक्कांनी तो गळ्यात घातला नाही, देवाच्या फोटोंना वाटून टाकला. रावांनी त्या दिवशी कॉफीबरोबर केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, केला.

पाचव्या दिवशी सकाळी तिन्नैवर सात-आठ फुलवाल्या येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. पुढे सेल्वीच होती.

"अक्का, चेल्लय्याला धरलं ते बघून बाकीचे सगळे सावकार बाजारात यायचे थांबले. उद्या पहाटे नऊशे कोण देणार?"

अक्का म्हणाल्या, "तो तर एका दिवसाला शंभर घेत होता!"

"हो. आणि तीनशे मला उरत होते. ह्या पाच दिवसांत शून्य उरले."

ती भांडत नव्हती, रडतही नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.  अक्कांनी वही उघडली, मिटली.

त्याहून वाईट पुढेच होतं. कनगा नावाच्या फुलवालीने कुणाच्या तरी सांगण्यावरून फोनवरचं कर्ज घेतलं. पाच मिनिटांत पैसे. फेड चुकली तशी आठव्या दिवशी तिच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर तिचा फोटो गेला, खाली लिहिलेलं: ही चोर आहे. नवऱ्याच्या मुकादमाला, मुलीच्या सासरी, सगळीकडे. कनगाने तो फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता आणि तिन्नैवर ठेवून ती चार पावलं मागे सरकली. अक्का तिला घेऊन सायबर पोलिसांकडे गेल्या. तक्रार नोंदवली गेली. पोलीस भले होते, पण ज्या कंपनीची तक्रार तिला पत्ता नव्हता, कचेरी नव्हती, माणूसही नव्हता.

संध्याकाळी मी बँकेतून आले तर अक्का तिन्नैवर एकट्याच. समोरची कॉफी निवलेली.

"ह्यांस कसं बोलवावं गे?" त्या म्हणाल्या. "कोठे बसवावं? कॉफी कोणास द्यावी?"

मी पर्स बाजूला ठेवून शेजारी बसले.

"कायदा बरोबर आहे. माझी तक्रारही बरोबर होती. मग कनगा का रडते? सांग." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "मी तीस वर्षं परवाने पाहिले. ज्यांस परवाना नाही त्यांस बंद केलं. पण सकाळी त्या बाईच्या हाती काय पडणार, हे माझ्या टेबलावर कधी आलंच नाही."

दोन दिवस त्या अर्ध्या ताटावरून उठत राहिल्या. राव काळजीने कॉफी जास्तच कडक करत राहिले. तिसऱ्या दिवशी साडेनऊला मी बँकेत निघाले तर अक्का जरीकाठी साडी नेसून, छत्री घेऊन दारात.

"चल. तुझ्या साहेबांस भेटावयाचं आहे."

आमचे मॅनेजर सज्जन गृहस्थ, पण नियमांना घाबरणारे. अक्कांनी सरळ विषय काढला: फेरीवाल्यांसाठी सरकारची विनातारण कर्जाची योजना आहे, फुलवाल्यांना तुम्ही का देत नाही? साहेब म्हणाले, "अम्मा, नियमाप्रमाणे त्यांच्याकडे महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र लागतं. त्यांच्याकडे नाही."

"आणि ते नसलं तर काय करावं, ते परिपत्रकात लिहिलंय. मागचं पान काढा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी परिपत्रक आणलं. मागच्या पानावर खरंच होतं: प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेचं शिफारसपत्र चालेल. इतके दिवस त्या कागदावर मी शिक्के मारत होते, मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, ती लपवायला मी पाणी आणायला गेले.

मग अक्का महापालिकेच्या मागे लागल्या. तीन महिने. रोज एक कारकून रजेवर, रोज एक सही कमी. अक्का त्यांच्या कचेरीतल्या बाकावर डबा घेऊन बसायच्या आणि जेवायच्या वेळेला तिथल्या कारकुनांनाही दहीभात वाढायच्या. शेवटी तिथल्या मुख्य बाईंनी कपाळाला हात लावून सगळी पत्रं एकदम काढली. "तुमचा दहीभात खाऊन खाऊन आम्हाला आता सही नाही असं म्हणायची चोरी झालीय," म्हणाल्या.

चाळीसेक बायकांतल्या अठरा जणींना कर्ज मिळालं. सेल्वी त्यांत होती. कनगाही होती. बाकीच्यांचं कुणाचं वय बसेना, कुणाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. त्या राहिलेल्यांची यादी अक्का पदराच्या गाठीत बांधून फिरत असाव्यात असं मला वाटायचं, इतक्या त्या त्याविषयी बोलायच्या.

मधल्या काळात चेल्लय्या जामिनावर सुटला. एका सकाळी बुलेट गल्लीत येऊन थांबली तेव्हा मी वरच्या गॅलरीत होते. खाली धावले. तो तिन्नैसमोर उभा होता आणि अक्का नेहमीच्या जागी.

"बसा," अक्का म्हणाल्या. "राव, एक कॉफी."

चेल्लय्या बसला. आलेला पेला त्याने ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "अम्मा, परवाना कसा काढतात?"

अक्कांनी डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. काय काय कागद लागतील ते एकेक करून सांगितलं.

"पण कायद्यातल्या व्याजाने धंदा परवडत नाही, अम्मा."

"राव, जरा हिशेब करून बघा हो."

राव वीज मंडळाच्या जुन्या डायरीचं कोरं पान घेऊन बसले. किती बायका, किती रक्कम, किती बुडतील, पेट्रोल किती. पाच मिनिटांनी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि सावकाश म्हणाले, "परवडतं. बुलेट परवडत नाही."

चेल्लय्या आधी चिडला, मग त्याला हसू फुटलं, मग अक्कांनाही. गल्लीत माणसं जमली होती, ती काय झालं ते न कळताच हसायला लागली. जाताना अक्कांनी त्याला हाक मारून थांबवलं. आता त्या हसत नव्हत्या.

"चेल्लय्या, परवाना मिळेल. खटलाही चालेल. आणि आधी सेल्वीची माफी मागायची, टोपली उडवली होती तिथेच. हे कायद्यात नाही. हे मी सांगते."

त्याने मागितली. सेल्वीने ऐकून घेतली आणि म्हणाली, "टोपलीचे ऐंशी रुपये." ते त्याने दिले. परवाना मिळायला वर्ष गेलं, तोवर तो भावाच्या किराणा दुकानात बसत होता. पुढे त्याच दुकानाच्या कोपऱ्यात त्याने दराचा फलक लावला. पूर्वीसारखं मागेल तिला तो देत नसे, खात्रीच्या बायकांनाच देई. अक्कांना ते खुपायचं. "व्याज खाली आलं की सावकार माणसं निवडू लागतो," त्या म्हणायच्या. "ज्यांस कोणी निवडत नाही त्यांचं काय करावं?"

तशी एक होती. पेरियनायकी. सत्तरी उलटलेली, वाकलेली, पण बोटं अशी चपळ की बोलता बोलता हातभर माळ तयार. बँकेच्या नियमात तिचं वय बसेना, आणि चेल्लय्याने स्वच्छ सांगितलं की आजी मध्येच गेली तर वसूल कुणाकडून करू. अक्कांनी तिला स्वतःच पैसे द्यावेत असं मी सुचवलं. अक्का चपापल्या.

"मी? परवान्याशिवाय?"

रावसुद्धा हसले, पण अक्का गंभीर होत्या. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी तोड काढली. पेरियनायकीच्या हातात दोन हजार रुपये ठेवले आणि वहीत तिच्याकडून अंगठा घेतला: पुढच्या तीन महिन्यांच्या फुलांची आगाऊ किंमत. कर्ज नाही, खरेदी. रोज सकाळी हातभर मोगरा घरपोच.

त्या तीन महिन्यांत घराचं देऊळ झालं. अक्कांचा अंबाडा सुपारीएवढा, त्यात किती माळणार? देव झाले, रावांच्या आईचा फोटो झाला, पाण्याचं पिंप झालं. मग माझ्यावर पाळी. मी नको नको म्हणत असताना अक्का मागून येऊन माझ्या केसांत हातभर गजरा अडकवायच्या आणि मी तशीच काउंटरवर. गिऱ्हाइकं विचारायची, आज काही विशेष? साहेब म्हणायचे, "रोजच विशेष असतं." तीन महिने संपले त्या दिवशी पेरियनायकी नव्या करारासाठी स्वतःच अंगठा पुढे करून आली. तेवढ्यात तिने रोजच्या भांडवलापुरतं साठवलं होतं. तरी सवय झाली म्हणून आली, असं म्हणाली. अक्कांनी करार केला. मला आणखी तीन महिने गजरे.

मग माझी बदली झाली. निरोपाचं मी लिहीत नाही. अक्कांनी माझ्या बदलीचा हुकूम मागून पुढून वाचला आणि म्हणाल्या, "ह्यात तुज थांबवावयास कोठे जागा ठेवली नाही गे." एवढंच.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी मी तिकडे गेले. घरी गेले तर राव एकटे. अक्का ओरत्तनाडुच्या बाजूला एका खेड्यात गेल्यात, म्हणाले. आता आठवड्यातून दोनदा जातात. कर्जकंपन्यांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध राज्याने नवा कायदा केला होता आणि तो काय आहे ते अक्का गावोगाव जाऊन बायकांना सांगत होत्या. मी बस पकडून गेले.

बस थांबते तिथे शेताच्या कडेला एक शेड आहे, पलीकडे पाणी भरलेली भाताची खाचरं. शेडमध्ये सात-आठ बायका आणि मधोमध अक्का. थकल्या होत्या, एक गुडघा पट्ट्याने बांधलेला. मला पाहून उठल्या नाहीत, फक्त शेजारची जागा थोपटली. एक तरुण बाई त्यांना कागद दाखवत होती. सहकारी सोसायटीच्या कर्जाचा अर्ज होता. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. अक्का प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या आणि ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती नाही ऐकायच्या तयारीने बसली होती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"घे," अक्का म्हणाल्या.

"अक्का?"

"चांगलं कर्ज आहे. व्याज सरळ आहे, हप्ता तुला झेपेल. मुलीला शिकव. घे."

 बाईने अक्कांनी पुढे केलेलं पेन घेतलं. अर्ज दुपारच्या आत ओरत्तनाडुला सोसायटीच्या कचेरीत पोचायला हवा होता, आणि माझी परतीची बस तिथूनच जाणार होती; म्हणून तो मी द्यायचा असं ठरलं. तेवढ्यात बस आलीच. कंडक्टरने शिटी वाजवली. बाई गडबडली, पेन हातातून घसरलं.

"थांबा हो!" अक्कांनी बसकडे हात केला. "तिची सही होऊ दे!"

ती सही तिने नुकतीच कधीतरी शिकलेली असावी. एकेक अक्षर थांबून, दाबून, जीभ दातांत धरून ती लिहीत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खिडक्यांतून माणसं वाकून बघू लागली. कुणी कुरकुरलं नाही. शेवटचं अक्षर झालं तेव्हा तिने कागद लांब धरून पाहिला आणि मगच माझ्या हातात दिला.

मी चढले, बस निघाली. मागे वळून पाहिलं तर अक्का बांधलेल्या गुडघ्यावर जोर देत उभ्या राहिल्या होत्या, एक हात त्या बाईच्या खांद्यावर, आणि दुसरा हात तोंडापाशी धरून माझ्याकडे ओरडत होत्या, भर तमिळ रानात खणखणीत मराठीत:

"पावती घे गे! शिक्का मारलेली पावती!"

बसमधल्या कुणालाच त्यातलं काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "घेते, अक्का!"

पावती मी घेतली. शिक्का पुसट उठला होता, म्हणून दुसरा मारून घेतला.